देवाची हद्द

फोन स्पीकरवर होता म्हणून मला ऐकू आलं, नाहीतर ही गोष्ट काकांच्या कानापुरतीच राहिली असती. ते पडवीत बसून आंब्याच्या पेट्यांची झाकणं ठोकत होते. ओठांत दोन खिळे, मांडीशी हातोडी आणि फोन समोरच्या पेंढ्यावर ठेवलेला. पलीकडे वाशीच्या बाजारातले दलाल. आधी गेलेल्या मालाची पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशोब, त्या दिवशी सकाळी आली होती आणि गाडीभाडं, हमाली वजा जाता खाली जो आकडा उरला होता, त्यात लाकडी पेट्यांचे पैसेसुद्धा सुटत नव्हते. फवारणीचं तर बोलायलाच नको. दलाल मूळचे आमच्याच बाजूचे, कणकवलीकडचे. आवाजात खरीखुरी कळकळ होती. म्हणाले, "काय करतलास अण्णानू, सगळो माल एकदम इलो, बाजारच बसलो. आता देवाक काळजी."

काकांनी तोंडातले खिळे काढून हातात घेतले. "आमच्या देवाची हद्द शीवेपर्यंत," ते म्हणाले, "वाशीचा तुमी बगूचा." आणि फोन ठेवून पुढची पेटी ओढली.

तेव्हा मला हसूच आलं. काकांच्या तोंडून अशी वाक्यं निघत असतात, मालवणी माणसाला ते काही नवं नाही. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर ते डोक्यातून जाईना. कारण हेच दोन शब्द काका स्वतः दिवसभर येता-जाता म्हणत असतात. एसटी चुकली, देवाक काळजी. वायरमन येतो म्हणाला आणि आला नाही, देवाक काळजी. गुडघा दुखतो, भाचीचं लग्न जमत नाही, वानरांनी केळीचा घड नेला, पावसाने जाताजाता भात आडवा केला, सगळ्याला तेच. मोहोर भरून आला तरी तेच म्हणतात आणि करपला तरी तेच. मग दुसऱ्या कोणी तेच म्हटल्यावर एवढा राग का यावा? आणि रागच होता तो. पुढच्या झाकणांवर हातोडी जरा जास्तच जोरात पडत होती.

गेल्या काही वर्षांत या दोन शब्दांना बाजारात चांगला भाव आलाय. आंब्याला नाही आला एवढा. रिक्षांच्या पाठीवर ते पूर्वीपासून होते. आता ते होमस्टेच्या पाट्यांवर असतात, टी-शर्टवर असतात, कॉफीच्या मगवर असतात. असा एक मग मला भेट म्हणून मिळालाय. त्यावर दोन माड आहेत, माडांना बांधलेला झोपाळा आहे आणि त्यात पाय पसरून पडलेला एक सुखी जीव आहे. कोकणात भर दुपारी माडाखाली कोणी शहाणा माणूस असा आडवा होत नाही. वरून नारळ पडतो. पण चित्रकाराला कोण सांगणार! तो मग देणारी मैत्रीण म्हणाली होती, "किती छान ना तुमचं, कशाचं टेन्शनच नाही." त्याच चित्राकडे बघून दुसरा कोणी म्हणतो, "म्हणूनच कोकण मागे राहिलं." मला दोघांचाही सारखाच कंटाळा येतो. दोघांनाही झोपाळाच दिसतो, पडवीतले खिळे दिसत नाहीत.

आणि एक तिसरी जात आहे, भाषणातली. आमच्याकडच्या सभेत कोणी ना कोणी हमखास म्हणतं की कोकणातला शेतकरी कितीही नुकसान झालं तरी जीव देत नाही, देवाक काळजी म्हणतो आणि उभा राहतो. टाळ्या पडतात. मला त्या टाळीत हात मिसळायला जड जातं. विदर्भात कोरडवाहू कापूस लावून बसलेल्या माणसाकडे धीर कमी असतो, असं म्हणायचंय का आपल्याला? आमच्या धीरामागे काय उभं होतं ते आम्ही सांगत नाही. घरटी एक तरी माणूस मुंबईत होता. महिन्याच्या ठरलेल्या सुमाराला पोस्टमन उंबऱ्याशी यायचा, आजी अंगठा उठवायची आणि मनीऑर्डरच्या तळाच्या तुकड्यावरच्या दोन ओळी कोणाकडून तरी वाचून घ्यायची. भात वाहून गेलं तरी गिरणीच्या साचेखात्यातला, म्हणजे मागावरचा, पगार वाहून जात नव्हता. स्वभाव म्हणून ज्याचं कौतुक होतं, त्याला पाठीमागून कोणाचा तरी पगार टेकू देत असतो.

तो टेकूही एकदा निघाला.

१८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला. आजोबा लालबागला गाववाल्यांच्या गाळ्यात राहायचे, खानावळीत जेवायचे. सुरुवातीचे महिने ते तिथेच थांबले, आज मिटेल उद्या मिटेल म्हणत. पावसाच्या तोंडावर ट्रंक घेऊन गावी आले. हे सगळं मी आजीकडून ऐकलेलं. माझा जन्म नंतरचा. आजोबा एसटीतून उतरून चालत आले, ट्रंक ओट्यावर टेकली, तांब्याभर पाणी प्याले आणि म्हणाले, देवाक काळजी. तो संप आजतागायत कोणी रीतसर मागे घेतलेला नाही, असं म्हणतात. गिरण्या गेल्या, जागांवर टॉवर आले. आजोबा गिरणीत परत गेले नाहीत. आजी ही गोष्ट सांगताना शेवटी एकच वाक्य जोडायची आणि ते रागाने नव्हे, हिशोब सांगावा तसं: "त्येनी म्हटल्यानी देवाक काळजी, आणि मी कोयतो घेतलंय." दुसऱ्या दिवसापासून ती दुसऱ्यांच्या बागेत गवत कापायला जाऊ लागली. काजू फोडायला जाऊ लागली. काजूच्या चिकाने बोटांची कातडी सोलवटते, ते डाग मी पाहिलेत. संप म्हटलं की मला तीच बोटं आठवतात.

आता यावरून मी असं म्हणू शकते की पुरुषांनी देवाक काळजी म्हणावं आणि बायकांनी ती वाहावी. बरीच वर्षं मी तसंच म्हणत होते, मोठ्या आवेशाने. त्यात खोटंही काही नाही. काकी हे शब्द फारसे उच्चारत नाही, हे मी लहानपणापासून बघतेय. पण एवढ्याने वाशीच्या फोनचं कोडं सुटत नाही. तिथे तर एक पुरुष दुसऱ्या पुरुषाला म्हणत होता.

कोडं सुटायला लागलं ते जत्रेत. देवळात गाऱ्हाणं चाललं होतं आणि मी पहिल्यांदाच नीट कान देऊन ऐकत होते. एरवी त्या वेळी आम्ही चाकरमानी मंडळी फोटो काढत असतो. हातात नारळ धरून मानकरी उभे, पागोटं जरासं कलतं, आणि आवाज असा की बाहेर खाज्याच्या दुकानापर्यंत जावा. "बा देवा म्हाराजा!" मागून सगळ्यांचा एक हुंकार, "व्हय म्हाराजा!" मग एकेक काम सांगितलं जातं. ह्याच्या झिलाला मुंबईत नोकरी नाही, त्याचं बघ. हिच्या कुशीत लेकरू दे. त्यांच्या जमिनीचा दावा किती वर्षं लोंबकळतोय, तो एकदाचा मार्गी लाव. प्रत्येक वाक्याला व्हय म्हाराजा. सुरात भीक नाही, रडणं तर अजिबातच नाही. कामं वाटून दिली जात होती. काम झालं तर तुझा मान तुला पोचेल, हेही तिथल्या तिथे सांगून टाकलं जात होतं. नीट ऐकलं तर ते देणारा आणि घेणारा या दोघांमधलं बोलणं आहे आणि देणारा कोण, घेणारा कोण, हे दर वाक्याला बदलतं.

आमच्या बाजूचे देव आकाशात बसून हवाला सांभाळणाऱ्यांतले नाहीत. त्यांना पायपीट करावी लागते. वेंगुर्ले तालुक्यात आरवलीला वेतोबा आहे. त्याला लोक चामड्याच्या चपला वाहतात, माणसाच्या पायात मावणार नाहीत एवढ्या थोराड, आणि केळ्यांचे घड. रात्री तो गावावर फेरी मारतो, राखण करतो, म्हणून वाहिलेल्या चपला झिजतात, अशी श्रद्धा आहे. मी तिथे गेले होते तेव्हा शेजारच्या म्हाताऱ्या बाईने मला हाताला धरून एक जुनी चप्पल दाखवली. टाचेकडचा भाग घासल्यासारखा दिसत होता. "बगलंस? चलता तो," ती म्हणाली, घरातला कर्ता माणूस दमून येतो त्याचं कौतुक करावं तशा आवाजात. माझ्या मनात जे प्रश्न यायचे ते आलेच. चामडं नुसतं ठेवूनही खराब होतं, हवा दमट असते, वगैरे. पण त्या बाईशी वाद घालावा असं वाटलं नाही. ज्याची टाच झिजते त्याच्यावर काळजी टाकणं हे नशिबाला हात जोडण्यापेक्षा वेगळंच प्रकरण आहे. रात्रपाळीचा माणूस आला की दिवसपाळीच्याने साचा त्याच्या हाती द्यावा आणि घरी जावं, तसं ते आहे. पाळी भरल्याशिवाय मात्र जाता येत नाही.

आणि या देवांना हद्द असते. शिमग्याला पालखी घरोघर फिरते, पण शीव ओलांडत नाही. शिवेवर राखणदार असतो, त्याला नारळ वेगळा. पलीकडे दुसऱ्या गावाचा देव, त्याची रीत वेगळी, त्याचा कौल वेगळा. लहानपणी मला हे फार गमतीचं वाटायचं, देवांचेही सातबारा असावेत तसं. म्हणजे काका फोनवर विनोद करत नव्हते. त्यांच्या दृष्टीने ती साधी माहिती होती. आमच्या गावदेवाच्या, रवळनाथाच्या ताब्यात आमचं गाव आहे, गावातली झाडं आहेत, झाडांवरचा मोहोर आहे. तुर्भ्याच्या नाक्यापलीकडचा बाजार त्याच्याकडे कोणी, कधी सोपवलेलाच नाही.

काकांचं वर्ष कसं जातं ते एकदा जवळून बघायला हवं, मग त्या दोन शब्दांची जागा कळते. पाऊस सरला की ते झाडांच्या बुंध्याशी फिरायला लागतात. दिवाळी उलटून गारवा पडायची वाट बघणं सुरू होतं. थंडी पडली नाही तर मोहोर नाही. थंडी पडली आणि लांबली तर त्याहून वाईट; फळ धरलेल्या झाडाला पुन्हा मोहोर फुटतो आणि आधीची बारकी कैरी टपाटप गळून जाते. डिसेंबरातल्या एका पहाटे मी त्यांच्याबरोबर बागेत होते. अंधुक उजेड, दव एवढं की पायजमा गुडघ्यापर्यंत ओला. काकांनी एक तुरा वाकवला आणि त्याखाली तळहात धरून दोन टिचक्या मारल्या. हातावर मोहोराची पिवळट भुकटी पडली आणि तिच्यात डोळे बारीक करून बघितल्यावर हलणारे ठिपके. थ्रिप्स, मोहोरावरची बारीक कीड. काकांनी ते मोजले. खरंच मोजले, ओठ हलवत. मग दुसऱ्या झाडापाशी तेच, तिसऱ्यापाशी तेच. घरी येऊन वहीत लिहिलं, चहा घेतला, पंपवाल्याला फोन केला. औषध कुठलं, किती पाण्यात, वारा पडलेला असताना मारायचं की नाही, यावर दोघांचं वाजलं. दुपारी फवारणी उरकली. संध्याकाळी आभाळ भरून आलं. पावसाची सर आली असती तर सगळं औषध धुऊन जाणार होतं, हजारो रुपयांचं. काका अंगणात येऊन वर बघत उभे राहिले, हात मागे बांधून. मग आत आले, पाटावर बसले, म्हणाले, "वाढ गो. देवाक काळजी."

सकाळपासून एवढा वेळ हे दोन शब्द त्यांच्या तोंडी आले नव्हते. मोजताना म्हणाले नव्हते, पंपवाल्याशी भांडताना म्हणाले नव्हते. आभाळापाशी आले तेव्हा म्हणाले.

सरकारनेही या आभाळाची एक सोय केली आहे, तिचाही इथे उल्लेख करायला हवा. फळपीक विमा. आंब्याचं नुकसान किती झालं हे त्यात कोणी झाडापाशी येऊन बघत नाही. अवेळी पाऊस किती, तापमान किती चढलं, किती उतरलं, हे महसूल मंडळातलं हवामान केंद्र मोजतं आणि ठरलेला आकडा ओलांडला की पैसे. ह्या ओलांडण्याला ट्रिगर म्हणतात आणि हा शब्द आता वाडीतल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांनाही पाठ आहे. गंमत अशी की पाऊस आमच्या वाडीवर पडला आणि केंद्राच्या डोक्यावर पडला नाही, तर तो पडलाच नाही. काका दर वर्षी हप्ता मात्र भरतात, मुदतीच्या आत, कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून. एकदा मी म्हटलं, मिळत नाही तर भरता कशाला? तर म्हणाले, तो आपल्या हातातला आहे म्हणून.

काकी फारसं म्हणत नाही, असं वर लिहिलं. एकदा म्हणाली. १६ मे २०२१, रविवार. तौक्ते आलं त्या दिवशी मी गावात होते. लॉकडाऊनमुळे ऑफिस घरातच आलं होतं आणि घर मी गावाला आणलं होतं. वादळ येणार हे दोन दिवस आधीपासून माहीत होतं. काकीने घागरी भरल्या, चुलीपाशी सुकी लाकडं आणून रचली, रॉकेलचे दिवे पुसून ठेवले, गाय आत बांधली. उतरवता येतील तेवढे आंबे उतरवून माजघरात पिकायला अढी घातली. बाकीचे झाडांवर राहिले. सगळा शेवटचा माल. सकाळी वारा सुरू झाला तो आधी नेहमीसारखाच वाटत होता. मग त्याचा आवाज बदलला. माडांचे शेंडे एकाच दिशेला ओढल्यासारखे झाले. वीज गेली, फोन गेला. छपराचे नळे उडायला लागले, एकेक नळा उडताना आधी थरथरायचा, मग जायचा. जिथे गळत होतं तिथे काकी टोप ठेवत गेली, टोप संपल्यावर ताटं, ताटं संपल्यावर पेज खायच्या थाळ्या. मधून मधून बागेकडून एक आवाज येत होता, ओलं लाकूड पिळवटून मोडतं तसा, आणि प्रत्येक आवाजाला काका झाडाचं नाव घ्यायचे. विहिरीकडचो नाय तो. गडग्याकडचो गेलो वाटता. आमच्याकडे कलमांना नावं असतात. त्या रात्री ती हजेरी घेतल्यासारखी चालली होती.

ठेवायला काहीच उरलं नाही, तशी काकीने पदराने हात पुसले. भिंतीशी कोरडी जागा होती तिथे चटई टाकली. म्हणाली, "आता देवाक काळजी. झोपा सगळी." आणि स्वतः कुशीवर वळून झोपली. आम्ही बाकीचे नुसते पडलो होतो, ती झोपली. मला अजून तिचा तो श्वास आठवतो, खोल, एकसारखा. डोक्यावर छप्पर राहील की नाही हे ठरायचं होतं आणि ती घोरत होती. सकाळी सगळ्यांच्या आधी उठून तिने थाळ्यांतलं पाणी ओतलं, दार उघडलं, अंगणातल्या आडव्या फांदीवरून पाय टाकून गोठ्यात गेली. देवगड बंदरात नांगरलेल्या बोटींचं काय झालं ते आम्हाला नंतर कळलं. वीज तर कितीतरी दिवस आली नाही. पडलेल्या कैऱ्यांचा वास चार दिवसांत आंबट, मग उग्र होत गेला, तो नाकातून जायला पाऊस पडावा लागला.

एका झोपेपुरतं काम करणारे शब्द आहेत ते. त्यावर आयुष्य काढता येत नाही आणि काढावं असं कोणी इथे म्हणतही नाही. मगवरच्या माणसाला ते कळायचं नाही, कारण त्याने आधी टोप ठेवलेले नाहीत.

दलालांच्या बाबतीत मी थोडा त्यांच्या बाजूनेही विचार करून पाहिला. एप्रिल तापला की सगळ्यांचा आंबा एकदम तयार होतो, ट्रकच्या ट्रक वाशीला धडकतात, दर कोसळतो. हे एकट्या माणसाच्या हातात नाही, मान्य. पण माल किती येतोय हे पहाटे सगळ्यात आधी त्यालाच दिसतं. दोन दिवस थांबा, असा फोन त्याला करता आला असता. फोन करायचा राहिला आणि पट्टी पाठवायची राहिली नाही. ज्याच्या हातात अजून काही करण्यासारखं होतं, त्याने हात झटकून देवाचं नाव घेतलं, आणि वर ते नुकसान सोसणाऱ्या माणसाला सांत्वन म्हणून दिलं. काकांच्या तोंडातून तेच शब्द आले असते तर दलालांना गप्प राहावं लागलं असतं. हे शब्द ज्याचं गेलं त्यानेच म्हणायचे, असा काही लिखित नियम नाही. पण गावात एखाद्याचं घर पडलं तर शेजारी काय म्हणतात ते मी ऐकलंय. ते म्हणतात, कधी येवचा सांग. देवाक काळजी तो घरवाला म्हणतो, आणि तोही शेजारी येऊन उभे राहिल्यानंतर.

पुढच्या हंगामापासून आम्ही निम्मा माल थेट विकायला लागलो. म्हणजे कारभार माझ्याकडे आला: ठाण्यातल्या आमच्या सोसायटीचा ग्रुप, ऑफिसातल्या दोघी-तिघी, त्यांच्या नणंदा-जावा. वाशीची हद्द एकाएकी माझ्या दिवाणखान्यात आली. पहिल्याच खेपेला एकीचा फोटो आला, कापलेल्या आंब्याचा. वरून सोन्यासारखा आणि आत कोयीलगत पांढरट, स्पंजासारखा साका. दोन आंबे तसे निघाले होते. मी गावी फोन लावला. काका म्हणाले, "आतला कोणाक दिसता? आंबो काय काचेचो असा?" आणि मग अर्थातच पुढचे दोन शब्द. मला पटलंही. साका बाहेरून कळत नाही, भल्याभल्या जाणकाराला कळत नाही. हे जर आभाळाच्या खात्यातलं नसेल तर कुठलं? पण फोन काकीने ओढून घेतला. "पैशे आपण घेतलंव ना? मगे साको पण आपलोच. दोनाच्या जागी चार दी तिका. ह्येंका काय इचारतंस, ते म्हणतले देवाक काळजी." मागून काकांचं काहीतरी पुटपुटणं ऐकू आलं.

मात्र रात्री काकांचाच फोन आला. ती पेटी कुठल्या दिवशीच्या काढणीची होती, विचारत होते. म्हणजे कुठल्या झाडाची ते त्यांना शोधायचं होतं. आंबा झाडावर जास्त पिकू दिला की साका धरतो, जमीन तापली की तिच्या धगीनेही धरतो, हे त्यांनी कृषी विद्यापीठाच्या मेळाव्यात ऐकलं होतं. आता बुंध्याभोवती वाळकं गवत पसरून बघायचं होतं. संशय विहिरीकडच्यावर होता. तेव्हापासून प्रत्येक पेटीच्या कडेला ते निळ्या खडूने एक अक्षर लिहितात, झाडाच्या नावाचं. 'ग' म्हणजे गडग्याचा तरणा, जुना तौक्तेत गेला. 'वि' म्हणजे विहिरीकडचा. साका निघाला तर लगेच पत्ता लागावा, एवढाच हेतू. सोसायटीतल्या एका काकूंनी पेटी घेताना बोट ठेवून विचारलं, "हे 'वि' म्हणजे विशेष का गं?" मी हो म्हणून टाकलं. आता त्या दर खेपेला आग्रहाने 'वि'च मागतात आणि डझनाला पन्नास रुपये जास्त द्यायची त्यांची तयारी आहे.